दोन ओळींचा पॅच

गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टवर एक पुल रिक्वेस्ट आली, म्हणजे कोडमध्ये केलेली दुरुस्ती (पॅच) स्वीकारा अशी विनंती. पाठवणारा नवा होता, त्याचं नाव याआधी कुठे पाहिलेलं नव्हतं. सोबत नीट समजावून लिहिलं होतं, की अर्धवट उतरलेली चित्राची फाइल उघडली तर आपली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो आपला कोड, बफरच्या (राखलेल्या मेमरीच्या) एक बाइट पुढे वाचते. लांबी तपासताना 'कमी किंवा समान' असं आहे, तिथे नुसतं 'कमी' हवं. अगदी बरोबर होतं त्याचं. दुरुस्ती दोन ओळींची. पण डिफ, म्हणजे कुठल्या ओळी बदलल्या ते दाखवणारी यादी, उघडला तर पडदाभर लाल-हिरवं, लाल-हिरवं, कितीही खाली जा, संपेचना. दीडेक हजार ओळी बदललेल्या. फाइल सेव्ह करताना त्याच्या एडिटरने ओळींच्या टोकाला राहिलेल्या रिकाम्या जागा पुसल्या होत्या, टॅबच्या जागी स्पेस भरल्या होत्या, आणि बहुधा त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. आमच्या मुख्य मेंटेनरांनी, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं: "धन्यवाद. कृपया फक्त आवश्यक त्या ओळी बदलून पुन्हा पाठवा." सभ्य, मोजकं, नियमाला धरून. तो माणूस परत आला नाही. पुढे कधीतरी दुसऱ्याच कुणीतरी तीच दुरुस्ती केली आणि ती रिक्वेस्ट बंद झाली.

चूक कुणाचीच नव्हती, म्हणून ते जास्त डाचत राहिलं.

आमची लायब्ररी जुनी आहे. चित्रांच्या फाइली उलगडून पिक्सेल हातात द्यायचे, एवढंच तिचं काम. सगळी सी भाषेत. तिची मुख्य फाइल वाचायला घेतली की वेगवेगळ्या काळातली माणसं एकापाठोपाठ भेटत जातात. एकाचा टॅब आठ घरांचा. दुसऱ्याच्या चार स्पेस. तिसरा जीएनयू वळणाचा, म्हणजे महिरपी कंस खालच्या ओळीवर, तोही दोन घरं आत ढकललेला, आणि फंक्शनचं नाव व गोल कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा. फंक्शन जी किंमत परत देणार तिला कुणी 'रेट' म्हणतं, कुणी 'आरसी', कुणी आख्खं 'रिझल्ट'. इतकी वर्षं हे वाचून मला आता नाव न बघता हात ओळखता येतो. कॉमेंटमध्ये उद्गारचिन्ह दिसलं की तो एकच जण. त्याने प्रोजेक्ट सोडून बराच काळ झाला, पण एका ठिकाणी त्याने लिहून ठेवलंय, 'हे असं का चालतं ते मला ठाऊक नाही, हात लावू नका!' आणि आजतागायत कुणी लावलेला नाही.

या फाइलीत बहुतेक ओळी ऐंशी अक्षरांच्या आत संपतात. हा आकडा कुठून आला हे कुणीच विचारत नाही. आयबीएमने १९२८ मध्ये ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड आणलं, पुढे टर्मिनलांनीही तीच रुंदी उचलली. १९७८ चं व्हीटी१०० हे टर्मिनलसुद्धा नेहमीच्या मोडमध्ये ऐंशी रकाने दाखवायचं. पुठ्ठ्याचे ते तुकडे कधीच रद्दीत गेले, पण त्यांची रुंदी आमच्या कोडमध्ये ठाण मांडून आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, तपासणी स्क्रिप्टनेही २०२० मध्ये ही मर्यादा शंभरावर नेली, तेव्हा मला उगाचच जरा हळहळ वाटली होती. वाटायचं कारण काहीच नव्हतं. मी स्वतः रुंद मॉनिटरवर काम करते आणि अर्धा पडदा कायम रिकामा असतो.

कोड कसा दिसावा यावरून माणसं किती भांडू शकतात, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. टॅब की स्पेस हा प्रश्न तर विनोदाला वापरून वापरून झिजलाय. पण रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासताना, प्रत्यक्षात जे होतं ते विनोदी नसतं. एखाद्याने दोन रात्री घालवून चित्राचा दाबलेला डेटा उलगडणारा हफमन डिकोडर वेगवान करावा, मोजमापं जोडावीत, आणि त्याला पहिली प्रतिक्रिया यावी ती 'इफ'नंतरच्या स्पेसबद्दल. ती देणारा दुष्ट नसतो. डिकोडर समजायला तासभर बसावं लागतं, स्पेस एका नजरेत दिसते. काहीतरी बोलल्याशिवाय रिव्ह्यू केल्यासारखं वाटत नाही, मग जे दिसतं त्यावर माणूस बोलतो. मीही बोलले आहे. आणि लिहिणाऱ्याला मात्र वाटतं की यांनी आपलं मूळ काम बघितलंच नाही.

पायथनवाल्यांनी २००१ मध्ये पेप ८ ही शैलीची नियमावली लिहून एक वळण घालून दिलं, पण ते माणसांनी वाचून पाळायचं होतं, त्यामुळे भांडण उरलंच. फक्त आता दोन्ही बाजू एकाच कागदाचा दाखला द्यायला लागल्या. खरा फरक पडला तो गो भाषेने २००९ मध्ये सोबत गोएफएमटी हा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन, आणलं तेव्हा. त्यात सेटिंगच नाही. टॅब म्हणजे टॅब, कंस तिथेच, विषय संपला. त्यातली मांडणी अमुकच का, असं विचारून वाद घालणारा गो प्रोग्रामर मला अजून भेटायचाय. मग जावास्क्रिप्टसाठी २०१७ मध्ये प्रेटियर आलं, पायथनसाठी २०१८ मध्ये ब्लॅक. ब्लॅकची ओळ अठ्ठ्याऐंशी अक्षरांची. का, तर त्यांनी ठरवली म्हणून. याउलट सी आणि सी प्लस प्लसच्या क्लँग-फॉरमॅटला इतकी सेटिंग आहेत की ती फाइल बनवतानाच नवं युद्ध पेटतं. आमच्याकडे पेटलंच. शेवटी मी म्हटलं, कुठलीही एक तयार शैली घ्या, एकही सेटिंग बदलू नका, आणि शक्यतो आपल्यापैकी कुणालाच न आवडणारी घ्या, म्हणजे कुणी जिंकल्यासारखं होणार नाही. लोक हसले, पण झालं तसंच. जी शैली लागली ती मला आजही आवडत नाही. कंसांची तिची तऱ्हा बघून सुरुवातीला डोळ्यांना खुपायचं. आता खुपत नाही, आणि हे चांगलं की वाईट ते मला सांगता येत नाही.

हा सगळा रंगरंगोटीचा मामला आहे, मुळात काम होतंय ना, असं म्हणणारे नेहमी असतात. त्यांच्यासाठी २०१४ च्या फेब्रुवारीतली अ‍ॅपलची चूक पुरेशी आहे. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. पहिली 'इफ'च्या ताब्यात. दुसरी ताब्यात नव्हती, पण आत सरकवून अशी बसवलेली, की वाचणाऱ्याला वाटावं ती पण त्याच 'इफ'ची. महिरपी कंस नव्हते. परिणाम असा की दुसरी उडी दर वेळी मारली जायची आणि पुढची खरी तपासणी कधी व्हायचीच नाही. मोकळ्या जागेने धडधडीत खोटं सांगितलं आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. फॉरमॅटर चालवला असता तर ती दुसरी ओळ मागे सरकून उघडी पडली असती. २०१६ च्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये (कोडला यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) अशा फसव्या सरकवणीबद्दल इशारा देण्याची सोय आली. आम्ही तो इशारा चालू केला तेव्हा आमच्याकडेही एक जागा निघाली, सुदैवाने निरुपद्रवी.

तरी फॉरमॅटर सगळ्या झाडावर, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींवर, फिरवायचा दिवस आला तेव्हा मी निश्चिंत नव्हते. आमच्या एका फाइलीत जेपेगचा झिगझॅग तक्ता आहे. आठ बाय आठ, चौसष्ट आकडे. पहिली ओळ ०, १, ५, ६, १४, १५, २७, २८. तिच्या खाली २, ४, ७, १३, १६, २६, २९, ४२. ज्याने लिहिला त्याने एकअंकी आकड्यांच्या आधी एकेक जादा जागा सोडून सगळे रकाने सरळ रेषेत आणलेत, इतके की शून्यावर बोट ठेवून एक, दोन, तीन असं तिरकं तिरकं जात कोपऱ्यापर्यंत पोचता येतं. आकडे कुठल्या क्रमाने उलगडतात ते समजवायला दुसरी आकृती लागत नाही. मी पहिल्यांदा हे शिकले ते पुस्तकातून नाही, या तक्त्यावरून. फॉरमॅटरने त्याचं काय केलं? सगळे आकडे स्वल्पविरामाने जोडून ओळीत मावतील तितके कोंबले. चार ओळींचा सपाट परिच्छेद. कंपायलरच्या दृष्टीने तसूभरही फरक नाही. मी वर-खाली 'क्लँग-फॉरमॅट ऑफ' आणि 'ऑन' अशा दोन कॉमेंट घातल्या आणि तक्ता जसा होता तसा ठेवला. मग अशा आणखी जागा शोधत बसले. एका दुपारचं काम होतं ते, आणि आख्ख्या बदलातलं माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळं यंत्राने केलं.

केलं यंत्राने, पण नाव लागलं माझं. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि ब्लेम ही कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारी त्याची आज्ञा. गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळीपुढे मी. वीस वर्षांपूर्वीचं डिकोडिंग मी लिहिलं, न समजता चालणारी ती उद्गारचिन्हवाली जागाही मीच लिहिली, असं दिसायला लागलं. सुदैवाने गिट २.२३ मध्ये, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला ठरावीक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, वगळायला सांगता येतात. त्या कमिटांची यादी एका फाइलीत लिहून ठेवायची आणि ती फाइल गिटला दाखवायची. आम्ही तशी फाइल केली. तिच्यात सध्या एकच ओळ आहे, माझ्या त्या कमिटची. प्रोजेक्टसाठी मी केलेला सर्वांत मोठा बदल, आणि सोबत तो विसरून जा असं सांगणारी फाइल. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गंमत मात्र वाटली, आणि ती सांगावी असं कुणी आसपास नव्हतं.

शैलीचं मिटलं. बिल्डचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधण्याचं, मिटायला वेळ लागला.

बिल्डबद्दल प्रोजेक्टमधल्या माणसांना काही विचारूच नये असं माझं मत झालंय. ज्याला विचाराल तो म्हणेल, "माझ्याकडे तर होतंय." आणि ते खरंच असतं. रोज ये-जा करणाऱ्याचा पाय उंबरठ्यावर आपोआप उचलला जातो, ठेच लागते ती नव्या माणसाला. आमच्या रीडमीमध्ये, म्हणजे सूचनांच्या फाइलीत, दोन ओळी होत्या: कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, मग मेक (प्रत्यक्ष बांधणारं साधन). मी एक कोरा कंटेनर, म्हणजे मशीनमधलं वेगळं रिकामं वातावरण, उघडला, ज्यात कंपायलर आणि मेक यांपलीकडे काही नव्हतं, आणि रीडमीत जेवढं लिहिलंय तेवढंच करत गेले. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. ज्यांनी ऑटोकॉन्फवाले, म्हणजे कॉन्फिगर आपोआप लिहून देणारं साधन वापरणारे, प्रोजेक्ट बांधलेत त्यांना तो प्रवाह माहीत आहे: हे आहे का, आहे, ते आहे का, आहे. एसटीडीलिब हेडर आहे का, आहे. त्यातली एक ओळ मला कायम हसवते, 'बिल्डचं वातावरण शहाणं आहे का' असं स्वतःशीच विचारून 'हो' म्हणणारी. ती बघते मुख्यतः इतकंच, की आत्ता बनवलेली फाइल कॉन्फिगरपेक्षा जुनी तर ठरत नाही ना, म्हणजे घड्याळ ठिकाणावर आहे ना. शहाणपणाची परीक्षा तेवढीच. ती उत्तीर्ण झाल्यावर माझा बिल्ड पुढे दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडला. एक हेडर, म्हणजे बिल्डला लागणारी एक फाइल, सापडेना, कारण ते भलत्याच पॅकेजसोबत आमच्या सगळ्यांच्या मशीनवर कधीकाळी येऊन पडलेलं होतं. एक साधन नव्हतं, ज्याचा उल्लेख रीडमीत नव्हता. आणि ते नसेल तर काय करायचं हे कॉन्फिगरला माहीत नसल्यामुळे ते 'हो' म्हणून पुढे गेलं आणि मेक दहा मिनिटांनी भलत्याच जागी कोसळलं.

तेव्हा मला तो पॅच पाठवणारा आठवला. ज्याअर्थी त्याने बग नेमका पकडला, त्याअर्थी त्याने बिल्ड केलंच असणार. म्हणजे हे सगळं पार करून तो आला होता. कुणाला न विचारता, तक्रार न करता. आणि मग रिकाम्या जागांवर अडला.

मेक १९७६ चं. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं. मेकफाइलमध्ये, म्हणजे काय कसं बांधायचं ते मेकला सांगणाऱ्या फाइलीत, आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाहीत, आणि चुकलं तर 'मिसिंग सेपरेटर' एवढंच म्हणून ते थांबतं. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा भेटणारा माणूस डोकं धरून बसतो. फेल्डमन यांनीच पुढे सांगितलंय, की ही सोय गैरसोयीची आहे हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, आणि त्यांचं बिघडायला नको म्हणून ती तशीच ठेवली. डझनभर! त्यांच्या सोयीसाठी पुढची पन्नास वर्षं जगभरच्या प्रोग्रामरांनी टॅब मोजले. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. हातात असलेली डझनभर माणसं खरी असतात, न आलेली कोट्यवधी माणसं दिसत नाहीत. आमचे मेंटेनर त्या दिवशी जे वागले तेही याच हिशेबाने.

मेकची आमची मांडणी जुन्या वळणाची होती. प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी मेकफाइल, वरची मेकफाइल आत शिरून एकेकीला हाक मारते. पीटर मिलर यांनी १९९८ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय की यात मुळातच गोम आहे: कुठल्याही एका मेकला संपूर्ण चित्र दिसत नाही, त्यामुळे कशावर काय अवलंबून आहे याचा हिशेब अपुरा राहतो. याचा अनुभव वेगळ्याच रूपात येतो. हेडर बदलावं, मेक म्हणावं, आणि बदल दिसूच नये. मग माणूस 'मेक क्लीन', म्हणजे आधी बांधलेलं सगळं पुसणं, शिकतो. आधी शंका आली तर करतो, पुढे दर वेळी करतो, आणि काही वर्षांनी ती सवय इतकी मुरते की नव्या माणसालाही पहिला सल्ला तोच मिळतो. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो, ओळींचा पूर वाहतो, आपण उठून खिडकीशी जातो. बिल्डवरचा विश्वास उडाल्याची ही खूण आहे, पण आम्ही तिला शिस्त समजत होतो. लिबरऑफिससारख्या अवाढव्य प्रोजेक्टमध्ये स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून जुनी बिल्डव्यवस्था एकाच जीएनयू मेकच्या नजरेखाली आणली. त्याच काळात तिथे स्टारऑफिस या त्याच्या पूर्वजाच्या जमान्यातल्या जर्मन कॉमेंटींचं इंग्रजीही होत होतं. ही असली कामं करणाऱ्यांची नावं 'नवीन काय' या पानावर येत नाहीत. वापरणाऱ्याला त्यांचा काही उपयोग दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही नसावी.

कॉन्फिगरची मूळ फाइल ओळीओळीने वाचत गेले तेव्हा मात्र माझा 'हे सगळं फेकून द्या' हा जोर ओसरत गेला. त्यात आता कुणी वापरत नाही अशा युनिक्सांच्या तपासण्या होत्या, त्या निःसंकोच काढल्या. पण मध्येच एक फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, होता, 'नो स्ट्रिक्ट एलियासिंग'. बाजूला कॉमेंट नाही. ब्लेमने ज्या कमिटवर नेलं तिचा संदेश एका शब्दाचा: 'लागतं'. कुणाला, कशाला, काही नाही. फ्लॅग काढून चाचण्या चालवल्या. जवळपास सगळ्या हिरव्या. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) वाढवल्यावर एक चित्र मात्र आडव्या पट्ट्यांनी चिरफाळलेलं आलं, जुन्या टीव्हीसारखं नव्हे, तर ओळीआड ओळ डावीकडे सरकून. कारण हे, की आमचा कोड पिक्सेलच्या एकाच बफरकडे कधी बाइट म्हणून बघतो, कधी चार-चार बाइटच्या पूर्णांकाच्या चष्म्यातून. कंपायलर गृहीत धरतो की दोन वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नसतात, आणि त्या भरवशावर वाचन-लेखनाचा क्रम हलवतो. लिनक्स कर्नलसुद्धा हाच फ्लॅग लावून बांधलं जातं. मी तो ठेवला आणि त्यावर सहा ओळींची कॉमेंट लिहिली. 'लागतं' लिहिणाऱ्याने त्या दिवशी ते पट्टे बघितले असणार आणि हुश्श करून झोपायला गेला असणार.

कॉन्फिगर आणि मेकऐवजी मेसन हे बिल्डचं नवं साधन आणावं हा माझा प्रस्ताव होता. जुसी पाक्कानेन यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं, आणि बहुतेक ठिकाणी ते प्रत्यक्ष बांधायला खाली निंजा नावाच्या साधनाला कामाला लावतं. निंजाची मला आवडलेली गोष्ट अगदी क्षुल्लक आहे: ते एकाच ओळीत आकडा वाढवत बसतं, इतक्यापैकी इतकं झालं. पडदा शांत राहतो, आणि खरंच काही इशारा आला तर तो एकटाच उठून दिसतो. आधीच्या पुरात इशारे वाहून जात होते, आम्ही ते वाचत नव्हतो, आणि वाचत नाही हेही आम्हाला कळत नव्हतं.

मेंटेनरांनी प्रस्ताव वाचून फोनच केला. "बाकी सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण मेसनला पायथन लागतं. कॉन्फिगरला काय लागतं सांगा? एक शेल, एक मेक, एक कंपायलर. नव्या प्रोसेसरवर जेव्हा काहीच नसतं तेव्हा आपली लायब्ररी उभी राहते. पायथन तिथे आधी कोण पोचवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑटोकॉन्फचा सगळा डोलारा याच एका विचारावर उभा आहे: बांधणाऱ्याकडे काहीही नाही असं धरा, जे लागेल ते आधीच तयार करून टारबॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कोडच्या एका गठ्ठा-फाइलीत, भरून द्या. उदार विचार आहे हा. मी त्यांना तसं म्हटलंही.

आणि नेमक्या याच उदारपणात शिरून २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाचं प्रकरण घडलं. टारबॉलमध्ये यंत्राने लिहिलेल्या हजारो ओळी असतात, त्या कुणी वाचत नाही, वाचायच्या नसतातच. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये 'बिल्ड टू होस्ट' नावाची एक एमफोर फाइल (कॉन्फिगर बनवायला लागणारी) होती, जी गिटमध्ये त्या रूपात नव्हतीच. तिने बिल्डच्या वेळी चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला कोड बाहेर काढून लायब्ररीत घातला, आणि रोख होता थेट दूरच्या मशीनवर लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरवर. सीमेक या बिल्डच्या दुसऱ्या साधनाच्या फाइलीत तर एक सुटा पूर्णविराम टाकून सुरक्षेची एक तपासणी गुपचूप नापास केलेली होती. एक टिंब. रिव्ह्यूमध्ये स्पेसवरून माणसाला परत पाठवणारे आम्ही, ते टिंब आम्हाला दिसलं असतं का? सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड यांना, पोस्टग्रेस या डेटाबेसची मोजमापं घेताना, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. हेच फ्रॉइंड पोस्टग्रेसमध्ये मेसनचा बिल्ड आणणारेही. २०२३ च्या पोस्टग्रेस १६ मध्ये तो आला, आणि जुना ऑटोकॉन्फवालाही शेजारी ठेवला गेला. यातून कुठलं साधन चांगलं हे सिद्ध होत नाही, सीमेकची फाइलही त्यात होतीच. पण बिल्डच्या फाइली न वाचण्याची आमची सवय किती जणांना माहीत असते, याचा विचार मी त्याआधी केला नव्हता.

मेंटेनरांशी पुन्हा बोलले तेव्हा ते स्वतःच म्हणाले, की आता टारबॉल त्यांच्या मशीनवर हाताने बनवायला नको. तो गिटच्या टॅगवरून (आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून) सीआयनेच, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरनेच, बनवावा, आणि बाहेरच्या कुणी तोच टॅग घेऊन बनवला तर बाइट न् बाइट तोच निघावा. त्यासाठी फाइलींवरची वेळ गोठवावी लागते; रिप्रोड्युसिबल बिल्ड्सवाल्यांनी 'सोर्स डेट एपॉक' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल याचसाठी रूढ केलंय. आमच्या एका हेडरमध्ये बिल्डची तारीख आणि वेळ छापणारी ओळ होती, ती मेंटेनरांचीच, बहुतेक पहिल्या आवृत्तीपासूनची. ती त्यांनी स्वतः काढली.

फॉरमॅटर आता कमिट करतानाच चालतो, आणि एडिटरकॉन्फिगची फाइल मुळाशी असल्यामुळे बहुतेकांचे एडिटर आपोआप वळणावर येतात. यामुळे नवे लोक वाढले का? एकदम नाही. एक फरक मात्र जाणवतो: डिफ लहान येतात, आणि लहान डिफवर रिव्ह्यू करणाऱ्याला मूळ मुद्द्यावरच बोलावं लागतं. परवा एकीने हफमनच्या तक्त्याबद्दल असा प्रश्न विचारला की आम्ही तिघं जुने लोक दोन दिवस गप्प होतो.

सध्या झाडात दोन्ही बिल्ड नांदतायत. नवी फाइल घातली की दोन याद्यांत लिहावी लागते आणि कुणीतरी एकीकडे विसरतंच. पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत कॉन्फिगर ठेवायचं असं ठरलंय, त्यानंतरचं ठरलेलं नाही. मला ते काढायचंय, मेंटेनरांना नाही, आणि दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं पटलेलं आहे, ही पंचाईत. विंडोजवरचा बिल्ड मात्र अजून लाल, म्हणजे नापासच, आहे. तिथे गिट ओळींच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर घालतं आणि तपासणी प्रत्येक फाइल चुकीची ठरवते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ घालून ते मिटावं असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे विंडोजचं मशीन नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर बघावं. बिल्ड करायला काय काय लागतं ते आता रीडमीत खरंच सगळं लिहिलेलं आहे.